लूना, दूरदर्शन आणि बोनस

वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा ठरलेली असते. किल्ला, तह, राजा, एखादी लढाई किंवा निदान एखादा थोर पुरुष तरी वक्त्याने समोर उभा करावा, असे त्यांना वाटते. मी आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे तिला दोन चाके होती, दोन पेडल होते आणि पोटात एक लहानसे इंजिन होते. तिचे नाव लूना. माझ्या वयाच्या, म्हणजे आज पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांनी ही वस्तू प्रथम रस्त्यावर पाहिली असेल. पण ती हवीशी वाटली ती दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिल्यानंतर.

हल्ली एक नवीनच प्रकार पाहावयास मिळतो. चार समवयस्क एकत्र जमले, की कोणीतरी खिशातून फोन काढतो आणि चाळीस वर्षांपूर्वीची जाहिरात लावतो. लगेच सगळ्यांचे चेहरे उजळतात, आणि त्या जाहिरातीची चाल सगळ्यांना तोंडपाठ असते. ‘ते दिवस गेले,’ असा एक उसासा निघतो. या उसाशाची थट्टा करावी असे मला वाटत नाही. माणसाला आपले बालपण आठवणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु तीस वर्षे कामगारांत वावरल्यामुळे मला एक खोड जडली आहे. कोणतीही वस्तू पुढे आली की ती कोणी केली, कोणी घेतली आणि कशाच्या बळावर घेतली, असे तीन प्रश्न मी विचारतो. लूनेच्या आठवणीला हे प्रश्न विचारले, तर त्या आठवणीचा निम्मा भाग गळालेला आढळतो. तो गळालेला भाग जोडून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१

पनवेल हे चाकांचे गाव आहे असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरमध्ये पनवेलचा मुख्य धंदा म्हणून बैलगाडीची चाके बनविण्याचा उल्लेख आहे. मुंबई आणि घाट यांच्या दरम्यान विकली जाणारी चाके फार मोठ्या संख्येने या गावात घडत. बंदरातून माल उतरावयाचा, गाडीत चढावयाचा आणि बोरघाट चढून देशावर जावयाचा, हा शतकानुशतकांचा क्रम होता. पुढे बैलगाडी मागे पडली आणि मोटारलॉऱ्या आल्या. मुंबई-पुणे रस्ता आणि गोव्याकडे जाणारा रस्ता हे दोन्ही पनवेलवरूनच जाऊ लागले. सगळ्या दुनियेची चाके आमच्या दारावरून गेली. परंतु दारात स्वतःचे चाक असणे ही गोष्ट साध्या माणसाला फार काळ साधली नाही. फार तर सायकल, आणि तीही बहुधा भाड्याची.

याचे कारण केवळ गरिबी हे नव्हते. हातात पैसे असले तरी गाडी मिळत नसे. १९५१ च्या औद्योगिक कायद्याप्रमाणे कोणी किती माल काढावा हे सरकारी परवान्याने ठरे, आणि १९६० साली तर स्कूटरच्या वितरणावर व विक्रीवर नियंत्रण घालणारा स्वतंत्र आदेश निघाला. नाव नोंदवावयाचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावयाची. नोंदणी बापाने करावी आणि स्कूटर मुलाच्या लग्नात यावी, असा विनोद तेव्हा प्रचलित होता, आणि तो वस्तुस्थितीपासून फारसा दूर नव्हता.

या रांगेला बगल देऊन १९७२ साली लूना आली. एच. के. फिरोदिया यांच्या पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीने ती काढली आणि कंपनीचा कारखाना अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, उभा राहिला. मूळ आराखडा इटलीतील पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’ या १९६७ सालच्या गाडीचा होता आणि तो परवान्याने घेतलेला होता. पियाजिओ ही पूर्वी विमाने बनविणारी कंपनी. दुसऱ्या महायुद्धात तिचा पोन्तेदेरा येथील कारखाना बाँबफेकीत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर हरलेल्या देशात विमाने कोण घेणार? तेव्हा १९४६ साली या कंपनीने व्हेस्पा नावाची स्कूटर काढली. हीच व्हेस्पा पुढे बजाज कंपनीने परवान्याने भारतात बनविली. म्हणजे आपल्याकडच्या स्कूटरचे आणि लूनेचे कूळ एकच. युद्धाने दरिद्री झालेल्या माणसाला कामावर पोहोचता यावे म्हणून निघालेल्या गाड्यांच्या घराण्यातील ती होती.

तिची रचना अगदी साधी होती. तिला गिअर नव्हते. इंजिनाने वेग घेतला म्हणजे क्लच आपोआप धरला जाई. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावयाचे, पेडल मारून इंजिन चालू करावयाचे आणि मूठ पिळावयाची. पेट्रोल संपले तर त्याच पेडलने सायकलप्रमाणे घर गाठावयाचे. पेट्रोल संपण्याची ज्याला नेहमी धास्ती असते, अशा माणसासाठी हे पेडल म्हणजे मोठाच दिलासा होता. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलचा प्रत्येक थेंब मोजावा लागू लागला. थोड्या तेलावर चालणाऱ्या या लहानशा गाडीला त्या काळाने जणू स्वतःच हात दिला. ती काही बाजारात एकटी नव्हती. तिरुपतीची सुवेगा होती, हीरो मॅजेस्टिक होती, १९८० नंतर होसूरची टीव्हीएस ५० आली. परंतु महाराष्ट्रात मोपेड म्हणजे लूना, असेच समीकरण होऊन बसले. दुसऱ्या कंपनीची गाडी असली तरी लोक तिला लूनाच म्हणत.

२

आता पडद्याकडे वळू. जाहिरात आपल्याकडे नवी नव्हती. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून दंतमंजनाच्या नावाने गाण्यांचा कार्यक्रम चालू होता, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून आकाशवाणीच्या विविध भारतीवरही मुंबई-पुणे-नागपूर येथून जाहिराती सुरू झाल्या होत्या. पण कानाने ऐकलेली वस्तू आणि डोळ्यांनी पाहिलेली वस्तू यांत फरक असतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे लूनेच्याच वर्षी, सुरू झाले. आरंभी तेथे जाहिरात नव्हती. ‘आमची माती, आमची माणसं’सारखे कार्यक्रम, बातम्या, नाटके असा तो शांत कारभार होता. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती घेण्यास प्रारंभ झाला. १९८२ साली रंग आले, आणि ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ ही प्रायोजित मालिका सुरू झाली. तेथून पुढे जाहिरात ही कार्यक्रमाची पाहुणी न राहता यजमानीण झाली.

लूनेची जी जाहिरात लोकांच्या तोंडी बसली ती याच दशकातली. ओगिल्वी या जाहिरातसंस्थेतील पीयूष पांडे यांच्या नावाशी ती जोडलेली आहे. २०२५ साली ते निवर्तले, तेव्हाही अनेकांना या जुन्या कामाचे स्मरण झाले. इंग्रजी वळणाच्या जाहिरातींच्या त्या काळात ही जाहिरात साध्या हिंदीत बोलत होती. टांगेवाल्याने आपल्या घोडीला हाक मारावी तशी ती गाडीला हाक मारी. यामुळे ती गाडी कोणा साहेबाची वाटत नसे. ती आपल्यासारख्याच कोणाची तरी आहे, आणि म्हणून उद्या आपलीही होऊ शकेल, असे वाटे. जाहिरातीचे खरे सामर्थ्य यातच होते.

त्या वेळी आमच्या आळीत दूरदर्शनचे संच मोजकेच होते. ज्यांच्या घरी संच असे त्यांच्या ओसरीवर आम्ही पोरे आणि आत मोठी माणसे, अशी बैठक असे. शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी हिंदी. जाहिराती लागल्या की मोठी माणसे पाणी पिण्यास उठत आणि पोरे पुढे सरकत. जाहिरात हाच आमचा कार्यक्रम होता. चित्रपटातील बंगला आपला नव्हे हे आम्हांस पक्के ठाऊक होते. परंतु जाहिरातीत दाखविलेली वस्तू गावात विकावयास असते, तिला किंमत असते, तेव्हा ती कधीतरी आपल्या घरी येईल, असा हिशेब पोराच्या डोक्यात आपोआप सुरू होई. कोणाला कॅमेरा हवा असे, कोणाला मनगटी घड्याळ. मला लूना हवी होती. सोळा वर्षे पुरी झाल्याशिवाय ती चालविता येणार नाही हे मला माहीत होते आणि मी वर्षे मोजीत होतो. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी सोळा वर्षांचीच मर्यादा ठेवली.

दूरदर्शनच्या जाहिरातसंहितेत मुलांसंबंधी एक नियम होता. एखादी वस्तू आपल्याजवळ नाही म्हणून आपण इतर मुलांपेक्षा उणे आहोत, किंवा त्यापायी आपली कुचेष्टा होईल, असे मुलांस वाटावयास लावणारी जाहिरात स्वीकारू नये, असा त्याचा आशय. नियम अत्यंत सदिच्छेचा होता. परंतु उणेपणा काही केवळ जाहिरातीच्या शब्दांत नसतो. ओसरीवर बसलेले पोर आणि आत खुर्चीवर बसलेले पोर एकच जाहिरात पाहत असत. तिचा अर्थ दोघांना निरनिराळा लागे, आणि त्याला संहितेतील कोणतेही कलम पुरे पडणार नव्हते. खुद्द सरकारने नेमलेल्या पी. सी. जोशी समितीने याच सुमारास दूरदर्शनच्या कार्यक्रमांचा विचार करताना या नव्या उपभोगवृत्तीविषयी इशारा दिला होता. त्या अहवालाचे काय झाले हे सांगण्याची आवश्यकता नाही. अहवालांचे जे होते तेच झाले.

३

पोराने घरी जाऊन मागणी केली, की कामगाराच्या घरी तिला एकच उत्तर मिळे. पनवेलला मिळे, ठाण्याला मिळे, चिंचवडला मिळे, आणि ज्या हातांनी लूना बनत असे त्या हातांच्या घरीही, माझी खात्री आहे, तेच मिळत असेल : ‘बोनस होऊ दे, मग बघू.’

हे पाच शब्द आमच्या पिढीने किती वेळा ऐकले असतील! जाहिरातीची चाल सगळ्यांना आठवते, परंतु हे उत्तर फारसे कोणाला आठवत नाही. वास्तविक इतिहास या उत्तरात आहे. बोनस म्हणजे मालकाने दिवाळीला खुशीने दिलेली ओवाळणी, अशी अनेकांची समजूत असते. तसे ते नाही. मुंबईच्या गिरण्यांपासून अनेक वर्षे झालेल्या तंट्यांतून, लवादांतून आणि संपांतून बोनस हा हक्क म्हणून उभा राहिला, आणि १९६५ साली त्याचा कायदा झाला. त्या कायद्यात किमान बोनस ४ टक्के होता. कामगारांच्या मागणीमुळे १९७२ साली तो ८.३३ टक्के झाला. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजेच एक महिन्याचा पगार. कामगार त्याला तेरावा पगार म्हणतो तो याच कारणाने.

आता तारखा जरा एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. १९७४ साली सरकारने एक कायदा केला, त्यान्वये कामगारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेव म्हणून अडकवून ठेवण्यात आला. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी आली. सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम निघून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून पुन्हा ४ टक्क्यांवर आणण्यात आला. सभा घेता येत नव्हत्या, पुढारी तुरुंगात होते, संपाचे नाव काढावयाची सोय नव्हती. आणि त्यानंतर तीन-सव्वातीन महिन्यांनी, १ जानेवारी १९७६ रोजी, दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या.

हा कट होता असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. एका खात्याने उत्पन्नासाठी जाहिराती घेतल्या, दुसऱ्याने भाववाढीचे निमित्त सांगून बोनस कापला. दोघांची एकमेकांशी मसलत झाली असेल असे मानण्यास आधार नाही. परंतु ज्या हिवाळ्यात कामगाराच्या मुलापुढे वस्तूंचे दुकान मांडले गेले, त्याच हिवाळ्यात त्याच्या बापाच्या खिशातील दिवाळी निम्म्यावर आली होती, ही गोष्ट खरी आहे. आकड्यांत सांगावयाचे तर, समजा एखाद्याचा पगार महिना ६०० रुपये. ८.३३ टक्क्यांनी त्याला ६०० रुपये बोनस मिळावयाचा, ४ टक्क्यांनी २८८. मधले ३१२ रुपये म्हणजे कोणाच्या घरची कौले, कोणाच्या घरचे शाळेचे पैसे. लूना तर या हिशेबात फारच लांब राहिली. १९७७ साली सरकार बदलले आणि ८.३३ टक्के पुन्हा मिळाले. ते मिळावे म्हणून ज्यांनी नोकऱ्या गमावल्या त्यांची नावे कोणत्याही जाहिरातीत आली नाहीत.

दुसरी एक गोष्ट याहून सूक्ष्म आहे, म्हणून थोडी सविस्तर सांगतो. कामगाराचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकावर बसतो. हा निर्देशांक म्हणजे एक टोपली असते. कामगाराचे कुटुंब काय खाते, काय नेसते, कशावर खर्च करते याची पाहणी करून ती टोपली भरतात आणि तिची किंमत महिन्याच्या महिन्याला मोजतात. १९६० हे पायाभूत वर्ष धरून जो निर्देशांक चालत होता, त्याची पाहणी १९५८-५९ सालची होती. आणि हाच निर्देशांक १९८८ च्या सप्टेंबरपर्यंत चालू राहिला. ऑक्टोबर १९८८ पासून १९८२ ची नवी मालिका आली. म्हणजे रंगीत दूरदर्शन आले, मालिका आल्या, गॅसची शेगडी आणि मिक्सर घरोघर हवेसे झाले, तरी कामगाराची महागाई मात्र त्याच्या बापाच्या जमान्यातील टोपलीने मोजली जात होती. पडद्याने त्याला १९८४ च्या गरजा शिकविल्या आणि निर्देशांकाने त्याला १९५८ च्या गरजांचा भत्ता दिला. या दोहोंतील अंतर कोणी भरून काढले? काही ठिकाणी जादा पाळीने, काही ठिकाणी बायकोच्या घरकामाने किंवा शिलाईयंत्राने, आणि जेथे संघटना होती तेथे कराराने.

४

१९८२ आणि १९८४ ही दोन वर्षे या दृष्टीने फार बोलकी आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. ते वर्ष संपता संपता दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या आणि रंगीत दूरदर्शनची धामधूम उडाली. कोकणातल्या आणि घाटावरच्या गावांकडे परतलेल्या गिरणी कामगारांनी तो रंग पाहिला असेल तर तो दुसऱ्याच्या घरी.

१९८४ चे वर्ष तर आपल्या दारातले आहे. नव्या मुंबईसाठी सिडकोची स्थापना १९७० साली झाली, आणि पनवेल, उरण व ठाणे भागातील गावांच्या जमिनी घेण्यात आल्या. योग्य मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची जी योजना पुढे आली तिचे मूळ या रक्तात आहे. त्याच वर्षीच्या जुलैत ‘हम लोग’ सुरू झाली. आज १९८४ म्हटले की बहुतेकांस मालिका आठवते. जासई आठवावी लागते.

हे येथे का सांगावयाचे, असे कोणी विचारील. ते सांगावयाचे अशासाठी, की आपल्या भागात अनेकांच्या दारात पहिली दुचाकी आली ती मोबदल्याच्या पैशातून. भाताचे खाचर गेले आणि त्या जागी गाडी आली. यावर शहरातील शहाणे लोक हसत. ‘जमिनीचे पैसे फटफटीत उडविले’ असे म्हणत. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. खाचर होते तेव्हा माणसाला चालत बांधावर जाता येत होते. खाचर गेल्यावर कामासाठी तळोज्याला, रसायनीला किंवा बंदराकडे जावे लागणार होते. मुंबईची लोकल पनवेलला यावयास १९९० चे दशक संपत यावे लागले. एसटी पाळीच्या वेळेला मिळेलच असा भरवसा नसे. तेव्हा ज्याची जमीन गेली त्याला चाक हवे होते ही चैन नसून ती नव्या जगण्याची पहिली अट होती.

५

लूना अखेर घरोघर आली ती अशी निरनिराळ्या वाटांनी. कोठे मोबदल्याने, कोठे बोनसने, आणि पुष्कळ ठिकाणी कामगारांच्या सहकारी पतपेढीच्या कर्जाने. पतपेढीच्या कर्जाला दोन जामीनदार लागत, दोघेही त्याच कारखान्यातले. हप्ता पगारातून कापला जाई. म्हणजे एका लूनेच्या मागे तीन कामगारांच्या सह्या असत. जाहिरातीत गाडीवर एकच माणूस दिसे. कागदावर तीन असत.

आणि आल्यावर तिचे काय झाले? पोरांना ती खेळ म्हणून हवी होती. घराने तिला अवजार केले. तिच्या पुढच्या मोकळ्या जागेत दुधाचे कॅन बसले, पावाची पाटी बसली, भाजीची गोणी बसली. पाळी संपवून आलेला कामगार संध्याकाळी तिच्यावरून विम्याचे हप्ते गोळा करी, नाहीतर शिकवण्या करी. गिअर नसल्यामुळे आणि गाडी हलकी असल्यामुळे शिक्षिका, परिचारिका, टपाल कचेरीतील बाया तिच्यावर बसू लागल्या. सायकल चालविणाऱ्या बाईलाही टक लावून पाहणाऱ्या गावांत हा बदल लहान नव्हता. वीस-वीस वर्षे वापरलेल्या लूना मी पाहिल्या आहेत. गंजलेल्या, तारेने बांधलेल्या, पण चालू.

तिचा अस्त कसा झाला तेही सांगितले पाहिजे, कारण आठवणीत रमणारा माणूस वस्तू ‘गेली’ म्हणतो, का गेली ते पाहत नाही. १९८५ पासून हीरो होंडाची चार-स्ट्रोक मोटारसायकल रस्त्यावर आली, ती लिटरला फार चाले आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नसे. १९९१ नंतर परवान्यांचे राज्य गेले, रांगा संपल्या, हप्त्यावर गाड्या देणारे आले. २००० साली धुराचे नवे निकष लागू झाले आणि दोन-स्ट्रोक इंजिनांचे दिवस भरले. लूना याच सुमारास बंद पडली. कायनेटिकचा दुचाकीचा धंदाही पुढे २००८ साली महिंद्र कंपनीकडे गेला. दक्षिणेची टीव्हीएस एक्सएल मात्र ओझे वाहण्याचे काम धरून राहिली, चार-स्ट्रोक झाली आणि टिकली. म्हणजे मोपेड हा प्रकार मेला नाही; गरीब माणसाला अवजार लागते तोवर तो मरतही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीन या कंपनीने विजेवर चालणारी ई-लूना काढली, तीही ओझे वाहणाऱ्यांवर नजर ठेवूनच.

गाडी बंद पडते तेव्हा तिच्याबरोबर तिचे कामगारही जागचे हलतात. गाडीची आठवण काढणारे हजारो असतात, त्यांची आठवण काढणारे त्यांच्या घरचेच. आपल्या शेजारी रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा सरकारी कारखाना होता. १९६० साली स्थापन झालेली ही कंपनी, तिच्यावर एक वसाहत उभी राहिली, शाळा उभी राहिली, बाजार उभा राहिला. २०१७ साली रसायनी येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. अवकाश संशोधनास लागणारे रसायन करणारा एक विभाग तेवढा इस्रोकडे देण्यात आला. त्या कारखान्याची कोणतीही जाहिरात दूरदर्शनवर आम्ही पाहिली नाही. म्हणून त्याच्या नावाने उसासा टाकण्यासही कोणी जमत नाही. पडद्यावर आले ते लक्षात राहिले. ज्याच्या जोरावर आपण पडद्यावरची वस्तू घेतली तेच विसरले गेले.

६

आजच्या पनवेलच्या रस्त्यावर संध्याकाळी उभे राहिले तर दुचाकींचा लोंढा दिसतो. त्यांत पाठीवर मोठा चौकोनी डबा बांधलेले तरुण पुष्कळ. कोणाचे जेवण, कोणाची औषधे, कोणाचे किराणा सामान ते घेऊन जातात. त्यांचा आणि लूनेचा संबंध काय, असे वाटेल. संबंध सरळ आहे. लूनेच्या काळी कामगार आधी नोकरीला लागे, बोनस आणि पतपेढीच्या आधारे मग गाडी घेई. या तरुणाला आधी गाडी घ्यावी लागते, मग काम मिळते. गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, दुरुस्ती त्याची, हप्ता त्याचा. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, ‘भागीदार’ म्हणते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि १९६५ चा बोनस कायदा वेतन संहितेत सामावला गेला. किमान ८.३३ टक्क्यांचे कलम तेथेही आहे. परंतु ते कलम नोकरास लागू. ज्याला कायदा मालक-नोकर या पारंपरिक नात्याबाहेरचा मानतो त्या तरुणाला सामाजिक सुरक्षेच्या संहितेत उल्लेख मिळाला आहे, बोनस मिळालेला नाही.

त्याच्याही घरी एखादे लहान पोर असेल. ते फोनच्या पडद्यावर दिवसाकाठी आम्ही वर्षात पाहिल्या असतील तितक्या जाहिराती पाहत असेल, आणि काहीतरी मागत असेल. मागणे वाईट नाही. हवेसे वाटणे हा मनुष्याचा स्वभाव आहे, आणि गरिबाने हवेपण सोडावे असा उपदेश नेहमी ज्यांच्याजवळ सर्व आहे तेच करतात. प्रश्न एवढाच आहे, की त्या पोराला बाप कोणते उत्तर देईल. ‘बोनस होऊ दे’ या उत्तरात विलंब होता, तशी आशाही होती. कारण दिवाळी ठरलेली होती, टक्केवारी ठरलेली होती, आणि ती कमी झाली तर भांडावयास चार माणसे होती. ज्याच्या कामाला दिवाळीच नाही, तो बाप काय सांगणार? तो सांगतो, ‘हप्त्याने घेऊ.’ आमच्या बापाचे उत्तर संघटनेवर उभे होते. याचे उत्तर सावकारीवर उभे आहे.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या खेपेस कोणी फोनवर ती जुनी जाहिरात लावील तेव्हा अवश्य पाहावी, अवश्य गुणगुणावी. मात्र शेजारी एखादे तरुण पोर बसले असेल, तर त्याला या गाडीच्या जामीनदारांविषयीही सांगावे. १९७५ साली बोनस कसा कापला गेला आणि १९७७ साली तो कसा परत मिळविला गेला, हे सांगावे. जासईचे पाच हुतात्मे सांगावेत. तो पोरगा कदाचित विचारील, की आमच्यासाठी असे काही करता येईल काय? त्या प्रश्नाला उत्तर देण्यासाठी कामगार संघटनेच्या कचेरीचे दार संध्याकाळी सहानंतर उघडे असते.